मजकुराचे स्थलांतर : खिळ्यांपासून पीडीएफपर्यंत

शताब्दीच्या या ग्रंथाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा सर्वप्रथम हाती घेतली गेली ती पंचवीस वर्षांपूर्वीची अमृतमहोत्सवी स्मरणिका. तिच्या छापील प्रती वाचनालयात होत्याच. शिवाय तिचा मजकूर आणि त्या काळची ग्रंथसूची ज्या फ्लॉपींवर साठवली होती, त्याही कपाटात एका पाकिटात जपून ठेवलेल्या निघाल्या. त्या वाचू शकणारे यंत्र शोधण्यात बरेच दिवस गेले. अखेर फाइल उघडली आणि पडद्यावर अवतरली ती इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि मधूनमधून युरोपीय भाषांतील टिंबे दिलेले स्वर यांची एक अर्थशून्य रांग. मजकुरातील एक अक्षरही नष्ट झालेले नव्हते. परंतु तो मराठी उरला नव्हता.

बेळगावात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या काळी खिळे जुळवून छापलेले एखादे पत्रक आज हाती आले, तर कागद पिवळा पडला असेल, कडा झिजल्या असतील, पण ते वाचता येते. उलट य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली इथेच २००० साली संमेलन झाले, त्या सुमाराची फ्लॉपी वाचता येत नाही. सीमाभागात मराठीत लिहिलेला कागद हा नुसता कागद नसतो. तो पुरावा असतो. म्हणून या विपरीत स्थितीची कारणे शोधणे हे वाचनालयाचे काम ठरते.

मराठी मजकुराचे हे पहिलेच स्थलांतर नव्हे. १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले तेव्हा मराठीसाठी देवनागरी खिळे वापरण्यात आले. १८१० च्या त्याच्या कोशात मोडीचे खिळे आले. पुढे मात्र छापखान्याने बालबोधाचीच निवड केली आणि मोडी हस्तलिखित व्यवहारापुरती उरली. विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरचे दस्तऐवज मुके झाले. खासबागेला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथल्या जुन्या घरांतून आजही मोडी कागद निघतात आणि ते कोणाकडून वाचून घ्यावेत असा प्रश्न पडतो. लिपी बदलली की भाषा तीच राहूनही वाचक तुटतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. फरक इतकाच, की मोडी दुर्बोध व्हायला शंभर वर्षे लागली आणि फ्लॉपीला वीस.

१९८५ नंतर ‘पेजमेकर’सारख्या कार्यक्रमांमुळे जुळाऱ्याचे काम संगणकाकडे आले, ज्याला सर्वजण डीटीपी म्हणू लागले. हे कार्यक्रम इंग्रजीसाठी बनलेले. त्यांत एका फाँटमध्ये फार तर २५६ घरे. मराठीसाठी त्यावर तोडगा निघाला तो असा : इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. कुठे अर्धा ‘ग’, कुठे काना, कुठे रफार, कुठे वेलांटी. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच. फक्त त्याला चेहरा मराठीचा. पुण्याची ‘श्रीलिपी’, बंगळूरची ‘आकृती’ अशा अनेक संचांनी मराठी छपाईची मोठीच सोय केली. स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सर्व त्यांवर झाले. परंतु कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले होते. तो विशिष्ट फाँट यंत्रात नसेल, तर चेहरा उतरतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आमच्या फ्लॉपीत घडले ते हेच.

याहून शहाणा मार्ग तेव्हाही उपलब्ध होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलेले ‘जिस्ट’ तंत्र अक्षराचा आकार नव्हे, तर वर्ण साठवीत असे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ संकेतात सर्व भारतीय लिप्यांतील ‘क’ला एकच क्रमांक होता, लिपी बदलली की तोच मजकूर देवनागरीऐवजी कन्नडमध्ये उमटे. बेळगावइतका या कल्पनेचा उपयोग अन्य कोणत्या गावी झाला असता? पण छापखान्याला हवे होते सुबक वळण आणि तयार पान, आणि ते फाँटवाल्यांकडे होते. (कन्नडचीही गत निराळी नव्हती. ‘नुडी’ आणि १९९८ मधील ‘बरह’ ही कन्नडसाठी निघालेली साधने. त्यांच्या जुन्या फाँटमधील मजकूरही आज तसाच रूपांतराची वाट पाहतो.)

पीडीएफचा जन्म या गोंधळातूनच झाला, मात्र इंग्रजीतल्या. ‘अडोबी’ कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ नावाने एक योजना मांडली : कोणत्याही यंत्रावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे आणि छापले जावे. १९९३ साली हा प्रकार बाजारात आला. आरंभी पीडीएफ नुसती वाचण्याच्या साधनालाही पैसे पडत. पुढे ते मोफत झाले आणि प्रसार वाढला. शब्दसंस्करणाच्या कार्यक्रमातून थेट पीडीएफ काढण्याची सोय ‘ओपनऑफिस’मध्ये २००३ साली आली, ‘वर्ड’मध्ये २००७ च्या आवृत्तीपासून. २००८ मध्ये हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झाले.

त्यातील मुख्य युक्ती अशी, की पानाबरोबर त्यात वापरलेला फाँटही फाइलमध्येच बांधून देता येतो. मराठीला हे वरदान वाटले. बेळगावात जुळवलेले पान कोल्हापूरच्या वा पुण्याच्या छापखान्यात पाठवताना सोबत फाँट द्यावा लागेना, ट्रेसिंग कागदावरची प्रत एसटीच्या पार्सलाने रवाना करावी लागेना. अनेक संस्थांनी जुन्या फाइली पीडीएफमध्ये बदलून घेतल्या आणि प्रश्न मिटला असे मानले.

माझे मत असे, की तो मिटला नाही, झाकला गेला. पीडीएफने आकार जपला; अक्षर जपलेच असे नाही. जुन्या फाँटमधून केलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना ‘ग्रंथालय’ दिसते, पण तो शब्द शोधू जावे तर सापडत नाही, आणि उचलून दुसरीकडे ठेवावा तर पुन्हा तीच इंग्रजी रांग. खासबाग ही विणकरांची वस्ती. इथल्या वाचकाला सांगायचे तर हे साडीचे छायाचित्र आहे, त्यावरून माग लावता येत नाही. अंध वाचकाला मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र अशा पानापुढे निरुपयोगी ठरते. दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली ‘पीडीएफ-ए’ हे मानक आले, त्यात फाँट बांधून देणे सक्तीचे झाले. पण त्याच्या मूळच्या साध्या पातळीत हमी होती ती दिसण्याचीच. प्रत्येक आकारामागे कोणते अक्षर आहे याची नोंद मागणारी स्वतंत्र पातळी २०११ मध्ये आली.

म्हणून मराठी दस्तऐवजाचे रूपांतर दोन टप्प्यांत करावे लागते. आधी फाँटमधून युनिकोडमध्ये, मगच पीडीएफमध्ये. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. ‘विंडोज २०००’पासून र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट सामान्य वापरात आला.

पहिला टप्पा दिसतो तितका यांत्रिक नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेखन यंत्राप्रमाणे आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग व्यंजन. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी व्यंजन. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, नव्या पद्धतीत आधी. ‘कीर्ती’ या शब्दात शेवटचा रफार उचलून ‘त’च्या आधी आणावा लागतो. मराठीची खास अडचण म्हणजे ‘ऱ्य’. त्या आडव्या अर्ध्या ‘र’कडे रूपांतर करणाऱ्या साधनाने दुर्लक्ष केले, तर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ एकदम ‘दर्या’ होतात आणि लग्नघरचे ‘आचाऱ्यांना’ हे ‘आचार्यांना’ होऊन बसतात. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळायला २००८ साल उजाडले, पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेत त्याला स्थान दिले. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, ही या साऱ्या प्रवासातील समाधानाची बाब.

आमच्या फ्लॉपीतील मजकूर या वाटेने निम्माअधिक परत मिळाला. ज्या फ्लॉपी मुळातच खराब झाल्या होत्या, त्यांतील पानांसाठी छापील स्मरणिकेची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून अक्षरे ओळखवून घ्यावी लागली. ‘टेसरॅक्ट’ हे २००५ पासून सर्वांना खुले झालेले साधन मराठी वाचते, पण फिकट शाई त्याला फसवते. मग जुन्या छापखान्यातील प्रुफे तपासण्याची पद्धतच पुन्हा सुरू झाली : एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर नजर ठेवायची. ग्रंथसूचीच्या पानांवर हे काम विशेष संथ चालले, कारण पुस्तकांच्या नावांत चूक राहिली तर ते पुस्तक सूचीतून हरवल्यासारखेच होते.

सर्व झाल्यावर सहज म्हणून आपल्या वस्तीचे नाव शोधून पाहिले. ते अपेक्षेपेक्षा फारच कमी ठिकाणी आले. नीट पाहता उलगडा झाला : काही पानांवर ‘ख’ची दोन अंगे यंत्राने वेगळी वाचली होती आणि तिथे छापले होते ‘रवासबाग’. ती पाने पुन्हा वाचायला घेतली आहेत.