जखिऱ्याचं पाणी

कामोठ्याला पाण्याची वाण कधी नव्हती. वाण होती ती पिण्याच्या पाण्याची. एका अंगाला पनवेलची खाडी, दुसऱ्या अंगाला कासाडी नदी आणि दिवसातून दोनदा चढणारी भरती. घाटावरचा पाहुणा आला की एवढं पाणी बघून हरखायचा. ओंजळ तोंडाला लावली की लगेच थुंकायचा.

आमची शेती खारेपाटाची. खाजणाला मातीचे बांध घालून आमच्या वाडवडलांनी भात पिकवला. बांधात उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती आली की खाडीच्याच दाबाने तिचं दार मिटतं. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींसाठी कायदा केला, पण त्याच्या किती आधीपासून गावकरी रात्री-बेरात्री कंदील घेऊन बांधावर धावत होते. कारण बांधाला खांड पडली की खारं पाणी आत घुसायचं. भात तर जायचंच, वर जमीन दोन-तीन वर्षं नासायची. आणि खोलगटातली विहीर असली तर तीही खारी व्हायची. घरात अन्न असून प्यायला घोट नाही, अशी गत.

म्हणून आमच्या घरात एक रीत होती. अमावास्या-पुनवेचं उधाण जवळ आलं, की बायामाणसं आदल्या दिवशीच उंचवट्यावरच्या गोड्या विहिरीवर जायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी. घरी आणलेलं पाणी जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. गढूळ असलं तर तुरटीचा खडा फिरवायचा. मग रांजण भरून वर लाकडी झाकण. त्या रांजणाला रोजच्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही. चार-पाच दिवसांनी तेच पाणी गुरांना पाजायचं, रांजण घासायचा आणि ताजं भरायचं. आई म्हणायची, "पोरा, रातचा हंडा रिता नको ठेवू र. इहीर काय आपली बांधलेली गाय हाय?"

पुढे शाळा सुटल्यावर वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळलं की आईचा हा कायदा राजदरबारातही होता. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त किल्ल्यांचं प्रकरण आहे. त्यात सांगितलंय, की आधी पाणी बघावं, मग किल्ला बांधावा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून जखिऱ्याची वेगळी टाकी बांधावी आणि त्यातलं पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये. आमच्या तालुक्यातल्या कर्नाळा किल्ल्यावर जा. अंगठ्यासारख्या त्या सुळक्याच्या पायाशी खडकात कोरलेली टाकी आजही दिसतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता, १६७० मध्ये तो परत घेतला. किल्ला या हातातून त्या हातात गेला, पण ज्याच्या हाती आला त्याला पाणी त्याच टाक्यांतून प्यावं लागलं.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आमचं कामोठेही आलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, बांध मातीखाली गेले, उघाड्या विसरल्या गेल्या. घरात नळ आला. बायांच्या डोक्यावरचा भार उतरला, हे मोठंच सुख. त्याला नावं ठेवणारा माणूस कधी कळशी घेऊन चालला नसेल.

पण नळाबरोबर रांजणही गेला. आता आमच्या ओठांवर मोरबे, हेटवणे ही धरणांची नावं. एक खालापूर तालुक्यात, दुसरं पेण तालुक्यात. विहीर दिसायची, तिचं पाणी किती उतरलं ते डोळ्यांना कळायचं. जलवाहिनी जमिनीखाली. ती कुठे फुटली ते नळ कोरडा पडल्यावरच कळतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पनवेल परिसरातही पूर आला. तेव्हा पाहिलं, की रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि घरात प्यायला तांब्याभर नाही. इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत गटाराचं पाणी शिरलं होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. वीज गेली की पंप बंद, आणि खालची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पाचव्या मजल्यावर थेंब चढत नाही. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत १० टाक्या होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. सरकार गाडी आणतं, पण ती येईपर्यंतचे दिवस ज्याचे त्यालाच काढावे लागतात.

हिशेब सोपा आहे. माणसाला प्यायला दिवसाला तीन लिटर धरा. घरात पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे ४५ लिटर. तीन हंड्यांचं काम. स्वयंपाकाचं धरलं तर दुप्पट. भांडं स्वच्छ, झाकणाचं असावं, हात न बुडवता डावाने पाणी काढावं. शेतीच्या औषधाचा नाहीतर रॉकेलचा कॅन कितीही धुतला तरी घेऊ नये. उन्हात ठेवू नये. पाणी अधूनमधून बदलावं, जुनं झाडांना घालावं. शंका आली तर खळखळ उकळून प्यावं.

हे झालं घरापुरतं. गावापुरतं पाहिलं तर आपल्या गावठाणांतल्या जुन्या विहिरी हाच आपला जखिरा. आज कुठे त्यांच्यात निर्माल्य पडतं, कुठे प्लास्टिक. बुजवायला एक दिवस पुरतो, खणायला मात्र आपल्या पणजोबांचे दोन उन्हाळे गेलेत. विहीर उपसली, कठडा बांधला, वर जाळी टाकली, पाणी तपासून घेतलं, तर निदान वापराला तरी ती उभी राहील आणि घरातले तीन हंडे पिण्यासाठी उरतील. शेजारच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकटी म्हातारी असेल, तर त्यातली एक कळशी तिचीही धरायची. खांड पडली की अख्खा गाव बांधावर जायचा, तो काही आपापल्या शेतापुरता जात नव्हता.