आधी वीज, मग रिसेट

टॅब्लेटचा पडदा उजळतो तेव्हा बघणाऱ्याला एकच गोष्ट घडल्यासारखी वाटते. आत मात्र ठरलेला क्रम असतो. रेग्युलेटरमधून वीज सोडायची, काही मिलिसेकंद थांबायचं, मग उजेड कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम सिग्नल सुरू करायचा आणि शेवटी जीपीआयओच्या एका तारेवरून बॅकलाइटला हिरवा कंदील द्यायचा. बंद करताना हेच उलट. क्रम चुकला तर पडदा लुकलुकतो, चिप गप्प बसते, क्वचित कायमचीच.

हा क्रम नेमका कुठे लिहून ठेवायचा, यावर लिनक्स कर्नलची मंडळी वर्षानुवर्षं वाद घालत आली आहेत.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांसाठी कर्नलमध्येच सी भाषेतल्या ‘बोर्ड फाइली’ असत. बॅकलाइटच्या ड्रायव्हरला त्यातलं एखादं फंक्शन जोडून दिलं की काम भागे. पण स्मार्टफोन आणि टॅब्लेटचं पेव फुटलं तसा या फाइलींचा ढीग वाढत गेला. मार्च 2011मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे आगपाखड केली.

त्यावरचा उपाय जुन्या कपाटातून निघाला. ‘ओपन फर्मवेअर’ या 1994च्या मानकात बोर्डावरच्या उपकरणांची झाडासारखी नोंद असे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांवर ती आधीपासून रुळलेली होती. त्या मानकात फोर्थ भाषेच्या धर्तीचा, प्रत्यक्ष चालवता येणारा कोडही होता. पॉवरपीसीवरच्या लिनक्सने पुढे ही नोंद उचलली, पण सपाट करून, निव्वळ माहिती म्हणून, कोड गाळला. हीच ‘डिव्हाइस ट्री’ ग्रँट लाइकली आणि सहकाऱ्यांनी एआरएममध्ये आणली. बोर्ड फाइली हटू लागल्या आणि त्यांच्यासोबत ती चालू-बंदची फंक्शनंही बेघर झाली.

2012मध्ये एनव्हिडियाचे अलेक्झांद्र कूर्बो यांनी तोडगा सुचवला: क्रमच डिव्हाइस ट्रीत लिहा. पहिली पायरी रेग्युलेटर, मग इतके मायक्रोसेकंद विश्रांती, मग पीडब्ल्यूएम, मग जीपीआयओ. कर्नल एकेक पायरी वाचून अमलात आणेल. प्रस्तावाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, पण तो कर्नलमध्ये आला नाही. ट्रीने हार्डवेअर काय आहे ते सांगावं, त्याचं काय करायचं ते सांगू नये, हा मुख्य आक्षेप. आज चार क्रियापदं आहेत, उद्या अटी येतील, परवा ट्रीच्या पोटात एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार होईल, ही धास्ती होती. पीसीच्या जगात एसीपीआयचं उदाहरण समोरच होतं: तिथे फर्मवेअरने दिलेला बाइटकोड चालवायला कर्नलला आत एक इंटरप्रिटर बाळगावा लागतो. शिवाय उपकरणासोबत बाजारात गेलेली ट्री पुढच्या कर्नललाही चालली पाहिजे. क्रमातली चूक ड्रायव्हरमध्ये असेल तर कर्नलच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते. ट्रीतली चूक त्या उपकरणाला चिकटून राहू शकते.

मग पडद्यांपुरता मार्ग निघाला. थिएरी रेडिंग यांच्या साध्या पॅनेल ड्रायव्हरमध्ये ट्री फक्त पॅनेलचं मॉडेल आणि त्याच्या जोडण्या सांगते. किती थांबायचं याचा तक्ता ड्रायव्हरकडे असतो.

वाय-फायचं दुखणं याहून अवघड. एसडीआयओ या जोडणीवर बसलेली चिप स्वतःची ओळख देते, पण वीज, क्लॉक आणि रिसेट मिळाल्यावरच. ड्रायव्हर कोणता लावायचा हे कळायला चिप जागी हवी आणि ती जागी करायला तर ड्रायव्हरच हवा. 2015मध्ये उल्फ हान्सन यांनी कर्नलच्या, एसडीआयओही सांभाळणाऱ्या एमएमसी विभागात छोटी ‘पॉवर सिक्वेन्स’ यंत्रणा घातली आणि तेवढ्यापुरता पेच सुटला.

तोच पेच पीसीआय एक्स्प्रेसवर पुन्हा उभा राहिला. क्वालकॉमच्या चिपांमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच वीजपुरवठ्यावर, पण ड्रायव्हर दोन. एकाने वीज तोडली तर दुसरा आडवा होणार. बार्टोश गोलाशेव्स्की यांनी दोघांच्या मागण्यांचा हिशेब ठेवणारी स्वतंत्र उपप्रणाली लिहिली आणि सप्टेंबर 2024च्या लिनक्स 6.11मध्ये ती दाखल झाली.

क्रमाला कर्नलमध्ये स्वतःचं घर हवं, हे कूर्बो यांचं म्हणणं बारा वर्षांनी खरं ठरलं. ते घर ट्रीत नको, हा आक्षेपही तितकाच टिकला. नव्या उपप्रणालीत पायऱ्या सी भाषेत आहेत आणि ट्री फक्त कोणती तार कुठे जोडली आहे ते सांगते.