काळ्या खडकाखालचें तेल



पुण्याहून पौडावरून ताम्हिणी घाटाकडे जाऊं लागलें म्हणजे मुळशीच्या जलाशयाच्या अलीकडे माले नांवाचें गांव लागतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या आग्रहावरून ऐन वैशाखांत मी तेथें गेलों होतों. त्यांच्या शेताच्या कडेला एक जुनी विहीर होती. पाणी तळाला गेलेलें, आणि त्या पाण्यावर मोराच्या पिसासारखी निळी-जांभळी साय पसरलेली. शेजारचे एक वृद्ध शेतकरी मला मुद्दाम ती दाखवावयास घेऊन गेले. "गुरुजी, हें रॉकेल तर नव्हं?" त्यांनीं विचारलें.

मीं वाळकी काडी घेऊन त्या सायीवर फिरविली. साय काचेसारखी तडकली, तिच्या कपच्या सुट्या झाल्या आणि सुट्याच राहिल्या. खनिज तेलाचा तवंग असता तर काडी पुढें जातांच तो मागें पुन्हा एकजीव झाला असता. ही साय लोखंडाची. पाण्यांतील लोहावर वाढणारे सूक्ष्म जंतु ती निर्माण करतात, आणि साचलेल्या पाण्यावर ती पुष्कळ ठिकाणीं दिसते. मीं तसें सांगितलें आणि मनांत म्हटलें, आतां म्हातारबाबा हिरमुसले होणार. पण ते सुटकेचा श्वास टाकून विहिरीच्या कांठावर बसले. "बरं झालं. त्याल निघालं असतं तर पुन्यांदा उठवलं असतं आम्हांला."

त्या 'पुन्यांदा' शब्दांत एक शतकाचा इतिहास आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईला वीज पुरविण्याची योजना टाटा कंपनीनें हातीं घेतली, आणि मावळांतील बावन्न गांवांवर संकट आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीला, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापति' झाले ते याच लढ्यांत. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि हरला. धरण झालें. १९२७ पासून जलाशयाचें पाणी सह्याद्रि पोखरून सुमारें ५०० मीटर खालीं भिऱ्याच्या वीजगृहांत उतरूं लागलें. मुंबईचे दिवे लागले. भातखाचरें बुडाली तीं बुडालीच.

म्हातारबाबांनीं आयुष्याचीं बरींच वर्षें मुंबईच्या गिरणींत काढलेलीं होतीं. थोड्या वेळानें त्यांनीं दुसरा प्रश्न विचारला. "समुद्रांत त्याल निघतंय, मग आमच्या डोंगरांत कां नाहीं? खडक तर तोच काळा म्हणत्यात." मीं त्यांना त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें फार त्रोटक होतें. आजचें भाषण म्हणजे त्या उत्तराची भरपाई समजा.

खडक खरोखरच तोच आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाला भेगा पडून शिलारसाचे लोटावर लोट वाहिले. ते थिजून आपला दक्षिणचा बेसॉल्ट झाला, ज्याच्या पायऱ्यांवर आपले किल्ले उभे आहेत. त्याच सुमारास सेशेल्स बेटांचा भूखंड हिंदुस्थानापासून तुटून दूर गेला, आपला पश्चिम किनारा खचला, आणि काळ्या खडकाचे थर पनवेलजवळ समुद्राकडे कलून पाण्याखालीं गेले. मुंबईच्या पश्चिमेला सुमारें १६० किलोमीटरवर, ७५ मीटर पाण्याखालीं आणि त्याखालच्या गाळाच्या थरांखालीं, हाच बेसॉल्ट व त्याहून प्राचीन ग्रॅनाइट एका बुडालेल्या टेकडीच्या रूपानें पसरलेला आहे. त्या टेकडीलाच आपण 'मुंबई हाय' म्हणतों.

तिचा शोध लागला कसा? आसामांत दिग्बोईला १८८९ मध्यें तेल लागलें होतें. पण पश्चिमेकडे कांहीं मिळेल अशी आशा फार थोड्यांना होती. १९५६ मध्यें तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला. केशवदेव मालवीय या मंत्र्यांनीं सोविएट तज्ज्ञांना पाचारण केलें, आणि गुजराथेंत खंबायतच्या बाजूला १९५८ मध्यें व अंकलेश्वरला १९६० मध्यें तेल लागलें. मग प्रश्न निघाला, कीं हे थर खंबायतच्या आखातांतून पुढें समुद्रांत जातात काय? सोविएट संशोधन-नौकेनें समुद्रांत कृत्रिम हादरे देऊन त्यांचे प्रतिध्वनि टिपले. प्रतिध्वनि लवकर परतला तर थर उथळ, उशिरा परतला तर खोल. अशा हजारों नोंदी जुळवितां जुळवितां समुद्राखालचा घुमट कागदावर उमटला. जपानांत बांधलेलें 'सागरसम्राट' हें पाय टेकून उभें राहणारें विंधणजहाज १९७३ मध्यें आलें, आणि फेब्रुवारी १९७४ मध्यें तेल लागलें. आदल्याच वर्षीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केल्यामुळें भाव चौपट झाले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बातमीनें देशांत केवढा धीर आला असेल याची कल्पना येते. २१ मे १९७६ रोजीं उत्पादन सुरू झालें, आणि १९८० नंतरच्या दशकांत देशांतील निम्म्याहून अधिक खनिज तेल मुंबईच्या समुद्रांतून येऊं लागलें.

आतां मूळ प्रश्न. तेल जन्मतें कोठें? या प्रश्नावर दोनशें-अडीचशें वर्षें वाद झाला आहे, आणि तो वेड्यांचा वाद नव्हता. रशियांत लोमोनोसोव्ह यांनीं अठराव्या शतकांतच तेलाचा उगम वनस्पतींच्या अवशेषांत आहे असें मांडलें. उलट, मूलद्रव्यांची सारणी देणारे मेंडेलेएव्ह यांनीं १८७७ मध्यें असा तर्क केला, कीं पृथ्वीच्या पोटांत लोह व कर्ब यांचीं तप्त संयुगें आहेत, भेगांतून पाणी त्यांवर पोंचलें म्हणजे तेल तयार होतें. हा तर्क हास्यास्पद मुळींच नाहीं. पूर्वीं आठवड्याच्या बाजारांत कार्बाइडचे दिवे जळत असत. त्यांत कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकलें कीं जळता वायु निघे. मेंडेलेएव्हांच्या दृष्टीनें पृथ्वी हा तसाच एक प्रचंड दिवा होता. विसाव्या शतकांत कुद्र्यावत्सेव्ह यांनीं १९५१ मध्यें हेंच मत नव्यानें उचललें, आणि पुढें खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनीं त्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. शनीच्या टायटन या चंद्रावर जीव नाहीं, तरीहि तेथें मिथेनचीं सरोवरें आहेत. मग पृथ्वीनेंच काय घोडें मारलें आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा एका रसायनशाळेंत मिळाला. म्यूनिकचे आल्फ्रेड ट्राइब्स यांनीं १९३४ मध्यें खनिज तेलांत असे रेणु शोधून काढले, कीं ज्यांचा सांगाडा पानांतील हरितद्रव्याच्या सांगाड्याशीं जुळतो. ज्याच्या खिशांत पिंपळाचें पान सांपडलें तो पिंपळाखालून आला असला पाहिजे, तसाच हा प्रकार. पुढें असे कित्येक रेणु सांपडले आणि प्रत्येक तेलाला जणूं त्याचें गोत्र लाभलें. हें तेल कोणत्या चिखलाचें, तें पडताळून सांगतां येऊं लागलें.

त्या चिखलाची गोष्ट अशी. जेथें पाण्याच्या तळाशीं प्राणवायु कमी असतो तेथें सूक्ष्म वनस्पति व जीव कुजण्याऐवजीं गाळांत गाडले जातात. वर गाळ साचत जातो, तळ खचत जातो, उष्णता वाढते. सुमारें ६० ते १२० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान कोट्यवधि वर्षें मुरल्यावर त्यांतून तेल सुटतें. उष्णता फार वाढली तर त्याचा वायु होतो. सुटलेलें तेल पाण्याहून हलकें, म्हणून तें वर आणि बाजूला सरकतें. वाटेंत सच्छिद्र खडक आणि त्यावर घट्ट झांकण मिळालें तरच तें साठतें, नाहींतर समुद्रांत पाझरून नाहींसें होतें. मुंबई हायच्या सभोंवारच्या खोलगट पट्ट्यांत सुमारें पांच-साडेपांच कोटि वर्षांपूर्वींचा काळा चिखल आहे. भूस्तरशास्त्रज्ञ त्याला पन्ना थर म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वीं उथळ स्वच्छ समुद्रांत चुनखडक वाढला, आणि त्यावर पुढें चिकणमाती बसली. चिखलानें तेल दिलें, चुनखडकानें तें धरलें, चिकणमातीनें तें कोंडलें.

पण एवढ्यानें वाद मिटत नाहीं, कारण मुंबई हायच्या कांहीं विहिरींत चुनखडकाखालीं, थेट ग्रॅनाइट व बेसॉल्टच्या भेगांतहि तेल लागलें. व्हिएटनामच्या समुद्रांत बाख हो येथें तर मुख्य साठाच ग्रॅनाइटमध्यें आहे. थिजलेल्या शिलारसांत तेल! गोल्ड यांच्या पक्षाला याहून दुसरें काय हवें? येथें मात्र डोकें शांत ठेवलें पाहिजे. बुडालेल्या टेकडीचा माथा उंच आहे, आणि चिखल तिच्या कडेच्या खोल दऱ्यांत आहे. तेल त्या दऱ्यांतून चढत येऊन भेगांत शिरतें. घराच्या जोत्याच्या दगडांत ओल दिसली म्हणून दगडानें पाणी निर्माण केलें असें आपण म्हणत नाहीं. आणि या भेगांतील तेलाच्या अंगावरहि जीवजन्य रेणूंचीच खूण आहे.

गोल्ड यांनीं आपल्या मताची कसोटी लावली, हें त्यांचें श्रेय नाकारूं नये. स्वीडनमध्यें सिल्यान येथें प्राचीन उल्केच्या आघातानें ग्रॅनाइट खोलवर फुटलेला आहे. तेथें १९८६ पासून साडेसहा किलोमीटरहून खोल छिद्र पाडण्यांत आलें. हातीं आलीं तीं कांहीं पिंपें काळसर तेलकट द्रव्य, आणि तें खोलांतून आलें कीं विंधणासाठीं ओतलेल्या तेलांतून, याचाच वाद होऊन बसला. पृथ्वीच्या पोटांत जीवावांचून थोडाफार मिथेन तयार होतो, हें आज मान्य आहे. पण त्या तत्त्वावर शोधलेलें आणि बाजारांत विकलें जाणारें तेलक्षेत्र माझ्या वाचनांत नाहीं.

खोल समुद्रांतील नव्या शोधांनीं हा प्रश्न पुन्हा चर्चेंत आणला. २००६ मध्यें ब्राझीलच्या समुद्रांत तुपी येथें दोन किलोमीटरहून अधिक पाणी आणि त्याखालीं मिठाचा जाड थर ओलांडून तेल लागलें. २००९ मध्यें मेक्सिकोच्या आखातांत एक विहीर दहा किलोमीटरहून अधिक खोल गेली. इतक्या खोल प्राणी-वनस्पति कोठून आल्या, असें कोणालाहि वाटावें. त्या कोणीं खालीं नेल्या नाहींत, त्यांच्यासह तळच खचला. तुपीचें तेल आफ्रिका व दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत असतां मध्यें झालेल्या तळ्यांच्या चिखलाचें आहे. आणि मीठ उष्णता झपाट्यानें वर वाहून नेतें, त्यामुळें त्याखालचें तेल अपेक्षेपेक्षां थंड राहून जळून जात नाहीं. आपला किनारा सेशेल्सपासून फाटला तेव्हां हेंच नाटक लहान प्रमाणावर झालें.

मग मालेच्या डोंगरांत तेल कां नाहीं? तर चिखल नाहीं म्हणून. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास चालूच राहिला, आणि २०१७ मध्यें तेथें एक छिद्र ३ किलोमीटर खोल गेलें. सुमारें सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखालीं एकदम ग्रॅनाइट. मध्यें गाळाचा थर नाहींच. सौराष्ट्राकडे व नर्मदेच्या बाजूला शिलारसाखालीं गाळ आहे, तेथें शोध करण्यास अर्थ आहे. आपल्या सह्याद्रीच्या पोटांत मात्र चुलीवर ठेवावयास भांडें आहे, पण भांड्यांत कांहीं शिजवावयाचेंच नाहीं.

म्हातारबाबांची भीति मात्र मी खोटी म्हणणार नाहीं. समुद्रांत शेत बुडत नाहीं हें खरें. पण प्रत्येक फलाटाभोंवतीं ५०० मीटरच्या आंत मच्छीमारांना मज्जाव आहे. तेल उरणच्या किनाऱ्याला लागतें तेथेंहि कोणाची तरी जमीन गेलीच. आणि २७ जुलै २००५ रोजीं, मुंबई आदल्या दिवशींच्या महापुरांत बुडालेली असतां, मुंबई हायच्या उत्तरेकडील फलाटाला आग लागून तो समुद्रांत कोसळला आणि २२ माणसें गेलीं. पावसाच्या बातम्यांत ती बातमी दबून गेली.

हें सारें मीं स्नेह्यांच्या मार्फत म्हातारबाबांना सविस्तर कळविलें. महिन्याभरानें त्यांचा निरोप आला, कीं मृगापूर्वीं विहिरींतला गाळ उपसला, साय गेली, आणि पाणी आतां गुरांना पाजतात.