तळटीप : बादगीर

१२. बादगीर : वारा घरात उतरवणारा मनोरा; शब्द फारसी. मीना सलमान या मनामाच्या बंदरावरून लेखक ज्या मुहर्रक बेटावर गेले, तिथे बहरीनचे एके काळचे शासक शेख ईसा बिन अली यांच्या घरात तो आजही पाहता येतो. चारही बाजूंनी उघड्या मनोऱ्यात कर्णरेषांवर भिंती असतात. वारा कुठूनही आला तरी खाली उतरतो, तापलेली हवा दुसरीकडून निघून जाते. प्रवाळदगडाच्या जाड भिंती ऊन थोपवतात. तिथला माध्यान्हीचा सूर्य जूनमध्ये सुमारे ८७, डिसेंबरमध्ये ४० अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेचा सज्जा उन्हाळ्यात सावली धरतो, थंडीत कोवळे ऊन आत सोडतो. आपल्या वाड्यांच्या चौकामागेही हेच शहाणपण आहे. नवे घर बांधताना ते विसरू नये. — संपा.