घंटा कोणीं वाजवावी?

इ. स. १३५५ च्या फेब्रुवारीच्या दहाव्या तारखेस ऑक्सफर्ड शहरांतील एका मद्यगृहांत दोघा विद्यार्थ्यांनीं तेथील दारूची नालस्ती केली, शब्दानें शब्द वाढला, आणि भांडण पाहतां पाहतां रस्त्यावर आलें. गांवकऱ्यांनीं सेंट मार्टिन चर्चची घंटा वाजवून आपलीं माणसें गोळा केलीं. विद्यापीठानें सेंट मेरी चर्चची घंटा वाजवून आपलीं. त्या दंगलींत ६३ विद्यार्थी मारले गेले असें परंपरा सांगते, आणि त्या प्रत्येकामागें एक याप्रमाणें ६३ पेनी शहराच्या मेयरानें दरवर्षीं विद्यापीठाच्या पुढें आणून ठेवाव्या, ही प्रायश्चित्ताची चाल १८२५ सालापर्यंत टिकली. या जुन्या कथेंतील दोन गोष्टी आम्हांस विशेष लक्षांत ठेवण्यासारख्या वाटतात. संकट आलें तेव्हां घंटा वाजली; आणि मेले किती, याचा हिशेब पुढें पांचशें वर्षें कोणी विसरला नाहीं. अर्वाचीन काळीं अमेरिकेंतील विद्यापीठांकडून हीं दोनच कामें करून घेण्यासाठीं तेथील राष्ट्रास कायदा करावा लागला. त्या कायद्याची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगणार आहों.

अमेरिकेंतील विद्यापीठें म्हणजे आपल्याकडील कॉलेजाप्रमाणें चार भिंतींची इमारत नव्हे. तीं लहान लहान गांवेंच होत. वसतिगृहें, भोजनगृहें, दवाखाने, पटांगणें, सगळें त्यांच्याच हद्दींत. या गांवाचें जावयाचें तें पोलिसपण पूर्वीं प्राध्यापक व डीन हेच करीत. विद्यार्थी हें विद्यापीठाचें लेकरूं, आणि घरांतल्या गोष्टी घरांतच मिटवावयाच्या, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. १८९४ सालीं न्यू हेवन शहराचे दोन पोलीस येल विद्यापीठाकडे नेमले गेले, तेथून विद्यापीठाच्या स्वतंत्र पोलिसांचा इतिहास सुरू होतो. परंतु ही चाल फार सावकाश पसरली. १९६६ च्या १ ऑगस्ट रोजीं ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एक बंदुकधारी दीड तासाहून अधिक वेळ खालच्या माणसांवर गोळ्या झाडीत होता. त्या वेळीं लोकांस सावध करण्याचें काम विद्यापीठानें नव्हे, तर गांवच्या रेडिओ-केंद्रानें केलें. त्याच्या बातमीदारानें गाडींतून बोलत ‘विद्यापीठाकडे फिरकूं नका’ असें सर्वांस बजाविलें. यानंतर ठिकठिकाणीं विद्यापीठांनीं आपलीं पोलीसदळें उभारलीं. पण पोलीस असणें निराळें आणि पोलिसांना काय कळलें हें लोकांना कळणें निराळें.

हा फरक जिच्यामुळें साऱ्या देशाच्या ध्यानांत आला ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. जीन क्लेरी ही फिलाडेल्फियाजवळील ब्रिन मॉर या गांवची. तिचे भाऊ न्यू ऑर्लीन्सच्या ट्युलेन विद्यापीठांत शिकले होते, आणि तिनेंही तेथेंच जावें असें घाटत होतें. परंतु तिकडे एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचें कानीं आल्यावर आईबापांनीं तो बेत सोडला. घरापासून जवळ, टेकडीच्या उतारावर वसलेलें, शांत आणि प्रतिष्ठित असें बेथलेहेम येथील लीहाय विद्यापीठ त्यांच्या मनास आलें. आपल्या येथें मुलीस परगांवीं शिकावयास ठेवितांना बाप जें पाहतो तेंच त्यांनीं पाहिलें: इमारती चांगल्या, नांव चांगलें, मंडळी घरंदाज. गेल्या दोन-तीन वर्षांत येथें काय काय घडलें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी सांगण्यास कोणी बांधलेला नव्हता.

१९८६ च्या ५ एप्रिलची पहाट. जीनच्या खोलीपर्यंत येण्यास जीं दारें लागत त्यांस आपोआप बसणारीं कुलुपें होतीं. परंतु रात्रीं-अपरात्रीं जाण्यायेण्याची सोय व्हावी म्हणून विद्यार्थ्यांनीं फटींत पिझ्झ्याचे रिकामे खोके अडकवून तीं उघडीं ठेविलीं होतीं. त्याच विद्यापीठांतील, तिला अपरिचित असा एक विद्यार्थी चोरीच्या इराद्यानें आंत शिरला. ती जागी झाली, आणि त्यानें तिच्यावर अत्याचार करून तिचा जीव घेतला. पुढें त्यास देहान्ताची शिक्षा झाली. २००२ सालीं, पुन्हा अपील न करण्याच्या अटीवर, ती जन्मठेपेची करण्यांत आली. खुन्याची गोष्ट एवढ्यावर संपते.

आईबापांची गोष्ट मात्र येथून सुरू झाली. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांनीं चौकशी करितां त्यांना असें आढळलें कीं, आधींच्या तीन वर्षांत त्या शांत विद्यापीठांत ३८ हिंसक गुन्हे घडले होते. वसतिगृहाचीं दारें उघडीं राहतात, हेंही विद्यापीठाच्या दप्तरीं वारंवार नोंदलेलें होतें. म्हणजे माहिती होती. ती फक्त ज्यांच्या मुली त्या दारांआड निजत होत्या त्यांच्यापाशीं नव्हती. त्यांनीं विद्यापीठावर फिर्याद केली. ती तडजोडीनें मिटली, आणि विद्यापीठानें सुरक्षिततेची व्यवस्था सुधारण्याचें कबूल केलें. १९८७ मध्यें या दांपत्यानें याच कार्यास वाहिलेली एक संस्था काढली व राज्याराज्याच्या विधिमंडळांचे उंबरे झिजविले. १९८८ मध्यें पेनसिल्व्हेनियानें पहिला कायदा केला, आणि १९९० च्या ८ नोव्हेंबरला अध्यक्ष थोरले बुश यांची राष्ट्रीय कायद्यावर सही झाली. १९९८ सालीं त्यास जीन क्लेरीचें नांव देण्यांत आलें. पुत्रशोकानें माणूस विरक्त होतो किंवा वेडा होतो, असें आपण पाहतों. कन्याशोकानें कायदा घडविणारीं हीं दोघें आम्हांस विरळाच वाटतात.

विद्यापीठें मुकाट्यानें नमलीं असें मात्र नाहीं. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी परक्यांस दाखवूं नयेत, असा १९७४ चा एक चांगला कायदा होता. गुणपत्रिका झांकण्यासाठीं केलेलें तें वस्त्र विद्यापीठांनीं पोलिसांच्या डायरीवरही ओढलें! मिसूरी राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या संपादिकेनें विद्यापीठाच्या पोलिसांकडे गुन्ह्यांचे अहवाल मागितले, तेव्हां तिला हेंच उत्तर मिळालें. ती न्यायालयांत गेली आणि १९९१ मध्यें जिंकली. दुसऱ्याच वर्षीं काँग्रेसनें कायदा दुरुस्त करून पोलिसी नोंदी या पडद्याबाहेर काढल्या. एका विद्यार्थिनीच्या चिकाटीचा हा विजय होता, आणि त्याचा उल्लेख जेवढा व्हावयास हवा तेवढा होत नाहीं.

या कायद्याचा लगाम मोठा चतुर आहे. विद्यार्थ्यांना मिळणारें सरकारी कर्ज व साहाय्य ज्या संस्थेंत पोंचतें त्या प्रत्येक संस्थेस तो लागू. आणि हें साहाय्य नको म्हणणारी संस्था अमेरिकेंत क्वचितच सांपडेल. दरवर्षीं १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आंकडे प्रसिद्ध करावयाचे. पोलिसांनीं रोजची गुन्ह्यांची वही ठेवून ती कोणासही पाहूं द्यावयाची. आणि गुन्ह्याचा धोका अजून टळलेला नसेल तर वेळेवर इशारा द्यावयाचा. हद्दीचे नियम मोठे बारीक आहेत. विद्यापीठाला लागून असलेला रस्ता हिशेबांत धरला जातो, पण दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरांत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरचा दरोडा धरला जात नाहीं. आकडे वाचणाऱ्या पालकास हें सहसा ठाऊक नसतें.

‘वेळेवर’ या एका शब्दावर मात्र पुढें फार रक्त सांडावयाचें होतें. २००६ च्या डिसेंबरांत ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत एक विद्यार्थिनी मृत आढळली. घातपाताचा संशय नाहीं, असें विद्यापीठानें जाहीर केलें. दहा आठवड्यांनीं एका विद्यार्थ्यास अटक झाली तेव्हां तो खून होता हें तिच्या आईबापांस व सोबत्यांस प्रथमच कळलें. विद्यापीठाच्या अध्यक्षांस पद सोडावें लागलें आणि साडेतीन लक्ष डॉलरांचा दंड भरावा लागला. पण ही चौकशी चालू असतांनाच व्हर्जिनियांत त्याहून भयंकर प्रकार घडला.

१६ एप्रिल २००७. ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या एका वसतिगृहांत सकाळीं सव्वासातच्या सुमारास दोघां विद्यार्थ्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. पोलिसांनीं हा प्रेमप्रकरणांतला कलह असावा असा तर्क केला व मुलीच्या मित्राच्या शोधांत ते गेले. साडेआठच्या आसपास विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी विचारविनिमयास बसले. ९ वाजून २६ मिनिटांनीं सर्वांस ई-मेल गेली: अमुक वसतिगृहांत गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करीत आहेत, सावध राहावें. वर्ग नेहमींप्रमाणें भरले. त्यानंतर सुमारें पाव तासानें तोच मारेकरी, जो स्वतः तेथील विद्यार्थीच होता, नॉरिस हॉल या इमारतीच्या दारांना आंतून साखळ्या घालून वर चढला, आणि दहा-अकरा मिनिटांत त्यानें तीस जणांचे प्राण घेतले. ‘बंदुकधारी मोकळा फिरत आहे, बाहेर पडूं नका’ असा स्पष्ट इशारा ९ वाजून ५० मिनिटांनीं निघाला. तोंपर्यंत सर्व आटोपत आलें होतें. त्या तीस जणांत जलशास्त्राचे एक तामिळ प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकण्यास गेलेली एक मुलगी होती. त्या आठवड्यांत मुंबई-पुण्याच्या किती घरांतून अमेरिकेस टेलिफोन गेले असतील, तें वाचकांनींच आठवावें.

दोन तास दहा मिनिटांचा हा विलंब अक्षम्य कीं क्षम्य, यावर तेथें सात वर्षें वाद झाला. शिक्षणखात्यानें २०११ मध्यें ५५,००० डॉलर दंड ठोठावला. २०१२ मध्यें खात्याच्या न्यायाधीशानें तो रद्द केला. खात्याच्या मंत्र्यांनीं तो फिरविला. आणि अखेर २०१४ मध्यें ३२,५०० डॉलरांवर प्रकरण मिटलें. दुसरीकडे दोघां मृतांच्या आईबापांनीं राज्याविरुद्ध फिर्याद केली. पंचांनीं त्यांच्या बाजूनें कौल दिला, पण व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयानें २०१३ सालीं तो उलटविला, कारण पुढला हल्ला होईल हें कोणास आधीं दिसण्यासारखें नव्हतें. विद्यापीठाच्या बाजूनें बोलण्यासारखें थोडें नाहीं. पाठीमागून पाहणारास सर्व वाटा सरळ दिसतात. शिवाय मारेकरी विद्यार्थी असल्यानें सर्वांस गेलेला इशारा त्यालाही गेलाच असता. परंतु आठ महिन्यांपूर्वीं, ऑगस्ट २००६ मध्यें, एक पळालेला कैदी त्या परिसरांत आल्याच्या वार्तेवरून याच विद्यापीठानें वर्ग बंद केले होते, हें विसरतां येत नाहीं. आमच्या मतें उशिरापेक्षांही मजकुराचा दोष मोठा. दोघांस गोळ्या घातल्या आहेत आणि घालणारा सांपडलेला नाहीं, हीं दोन साधीं वाक्यें त्या पहिल्या पत्रांत असतीं, तर किती जण वेळींच सावध झाले असते? ‘घटना घडली आहे’ हें वाक्य कारकुनाचें आहे, घंटेचें नव्हे.

पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट २००८ मध्यें, काँग्रेसनें कायद्यांत नवें कलम घातलें. जिवास तात्काळ धोका आहे याची खातरी पटतांच, त्याच क्षणीं, सर्वांस कळवावें. कळविल्यानें संकट आवरण्यास बाध येत असेल तेवढाच अपवाद. आणि ही व्यवस्था वर्षांतून एकदां तरी चालवून पाहावी. तेव्हांपासून भ्रमणध्वनी, भोंगे, भिंतींवरील पडदे, सगळेंच घंटेचें काम करूं लागलें. दंडही वाढत गेले: २०१६ मध्यें पेन स्टेटला सुमारें २४ लक्ष डॉलर, २०१९ मध्यें मिशिगन स्टेटला ४५ लक्ष, २०२४ मध्यें लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लक्ष. त्याच २०२४ च्या डिसेंबरांत छळाचे, म्हणजे ज्यास आपण रॅगिंग म्हणतों त्याचे आंकडेही हिशेबांत आले. या एका बाबतींत महाराष्ट्र पुढें होता; आपला रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. तथापि बंदी घालणें आणि आकडे छापणें यांत अंतर आहे, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

आकड्यांची कथा मात्र दुःखद आहे. अमेरिकेंतील विद्यापीठ-स्त्रियांच्या एका जुन्या संघटनेनें २०१६ सालचे आंकडे तपासले, तेव्हां शेंकडा ८९ विद्यापीठ-परिसरांत बलात्काराचा एकही प्रकार नोंदलेला नव्हता. इतकें पुण्य एकाच देशांत सांठलें असेल, यावर विश्वास ठेवणें कठीण. जेथें तक्रार करणारीस आधार मिळतो तेथें तक्रारी वाढतात, आणि तेंच विद्यापीठ कागदावर अधिक धोक्याचें दिसतें. जेथें तिला गप्प बसविलें जातें तेथें शून्य दिसतें. क्लेरी दांपत्यास जो आंकडा हवा होता तो आज छापला जातो, पण त्यावरून मुलीचें विद्यापीठ निवडणें हें त्यांना वाटलें होतें तितकें सोपें राहिलेलें नाहीं.

आणि घंटेचाही एक नवा शत्रु निघाला आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील व्हिलानोव्हा विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची प्रार्थना चालू होती. आईबाप मुलांस पोंचवावयास आलेले होते. इतक्यांत सर्वांच्या भ्रमणध्वनींवर बंदुकधारी आल्याचा इशारा झळकला. खुर्च्या उलथल्या, माणसें धांवत सुटलीं, पोलिसांनीं इमारती धुंडाळल्या. बंदुकधारी कोणी नव्हता. कोणीतरी खोटा टेलिफोन केला होता. विद्यापीठानें कायद्यास धरूनच सर्व केलें होतें, आणि तसें न करितां दहा मिनिटें खातरजमा करीत बसलें असतें तर त्याचें काय होऊं शकतें, हें ब्लॅक्सबर्गनें शिकविलेलें होतें. व्हिलानोव्हापासून जीन क्लेरीचें ब्रिन मॉर अगदीं हांकेच्या अंतरावर आहे. तीनच दिवसांनीं, रविवारीं, तसाच खोटा टेलिफोन पुन्हा आला, आणि पोलिसांस पुन्हा धांवावें लागलें.