पहार, मडकं आणि विष

आजच्या टांझानियात, किलिमांजारोच्या उतारावर म्वेका इथे १९६३ साली वन्यजीव व्यवस्थापनाचं महाविद्यालय निघालं. इंग्रज अधिकारी मायदेशी परतल्यावर अभयारण्यं सांभाळायची कोणी, म्हणून आफ्रिकी तरुणांना तयार करायचं होतं. मद्रासची अडचण वेगळीच होती. सापांचे जाणकार तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते, पण त्यांचा रोजगारच बेकायदा ठरला होता.

हे जाणकार म्हणजे चेंगलपट्टू भागातले इरुळा आदिवासी. भाताच्या बांधावरचं उंदराचं बीळ पाहायचं, तोंडाशी पडलेली कात, विष्ठा, मातीतला घसटल्याचा माग न्याहाळायचा आणि आत नाग आहे की घोणस ते सांगायचं. मग पहारीने बेताबेताने खणून साप हाताने काढायचा. बिळातले उंदीर आणि त्यांनी साठवलेलं धान्यही घरी जायचं. साप मात्र कातडी व्यापाऱ्याकडे. सापाला मिळे ती किंमत अगदी किरकोळ. खरा नफा निर्यातदाराचा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली, आणि इरुळांची चूल विझायची वेळ आली.

सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर त्यांना आधीपासून ओळखत होते. फ्लोरिडात बिल हास्ट यांच्याकडे त्यांनी सर्पविषाचं काम पाहिलं होतं, गिंडीचं सर्पोद्यान सुरू केलं होतं, १९७६ मध्ये मगरपालन केंद्रही. पण साप शोधण्यात त्यांचे गुरू इरुळाच. १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. इरुळांना शिकायचं राहिलं होतं ते एवढंच: साप न मारता त्याचं विष काढणं आणि नोंद ठेवणं.

महाबलीपुरमच्या अलीकडे, वडनेम्मेलीच्या मगर केंद्राच्या आवारात हे काम चालतं. तोंडाला कापड बांधलेल्या मडक्यांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ठेवतात. काही आठवडे ठरावीक अंतराने विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि साप रानात सोडायचा; तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये म्हणून ती खूण. हे विष प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातं. आपल्याकडे सर्पदंशाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं, त्याची सुरुवात अशा एखाद्या मडक्यात झालेली असू शकते.

२०१७ मध्ये फ्लोरिडात बर्मी अजगरांचा उपद्रव आवरेना, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना बोलावलं. पहिल्या दोन आठवड्यांच्या आत त्यांनी १३ अजगर पकडले. त्यातली एक मादी सोळा फुटांची होती. २०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली.

सन्मान झाला, तरी पोट अजून परवान्यावरच आहे. किती साप धरायचे हे सरकार ठरवतं, आणि परवाना लांबला की काम थांबतं. ज्यांच्या हातांवर देशभरातल्या सर्पदंशाचे उपचार अवलंबून आहेत, त्यांना दर हंगामात वाट बघायला लावणं हा कारभार बरा नव्हे.