अळूच्या दलदलीतील अस्थी

इंग्रजी भाषेत मंदबुद्धीच्या किंवा कालबाह्य झालेल्या मनुष्यास 'डोडो' म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या पक्ष्यावरून हा शब्द आला तो मॉरिशस बेटावर राहत असे, आणि युरोपीय मनुष्य तेथे वस्तीच्या उद्देशाने येऊ लागल्यापासून शंभर वर्षांच्या आत तो नामशेष झाला. जेत्याने जिताचा इतिहास लिहावा व पराभवाचे खापर जिताच्याच बुद्धिमांद्यावर फोडावे, हा प्रकार आपणां भारतीयांस अपरिचित नाही. मनुष्याच्या बाबतीत जिताचे वंशज केव्हातरी लेखणी हाती धरतात आणि जुन्या निकालाची फेरतपासणी मागतात. डोडोचा वंशजच उरला नसल्यामुळे हे काम शास्त्रज्ञांस करावे लागले, आणि त्यांनी ते दगड, अन्न व अस्थी या तीन पुराव्यांवरून केले. हा पुरावा काय सांगतो, आणि या प्रकरणात आपल्या महाराष्ट्राचे नाते कोठे लागते, ते येथे थोडक्यात पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दगडाची साक्ष घेऊ. मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात वसलेले, आपल्याकडील एखाद-दोन तालुक्यांएवढे बेट आहे. १८३६ च्या एप्रिलअखेर चार्लस डार्विन 'बीगल' जहाजातून तेथे उतरला. मधल्या पठाराभोवती भग्न डोंगरांचे कडे उभे आहे आणि त्या डोंगरांचे थर समुद्राच्या दिशेने उतरत गेले आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. भूगर्भातील एखाद्या आकस्मिक उठावाने हे कडे निर्माण झाले, हे तत्कालीन मत त्याने त्याज्य ठरविले. तथापि एखाद्या प्रचंड ज्वालामुखीचा माथा उडून जाऊन हा पाया मागे राहिला असेल, हेही त्यास सहज पटेना. बेट ज्वालामुखीचे, एवढे मात्र निश्चित होते.

पुढील शतकात या प्रश्नाचे क्षेत्र विस्तारले. सह्याद्रीचे कडे ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, आणि ज्यात वेरूळ व अजिंठा येथील लेणी कोरली आहेत, तो पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तप्त शिलारसाच्या रूपाने भूमीवर पसरला. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते त्या वेळी आपला भूखंड पृथ्वीच्या पोटातील एका तप्तस्थानावरून उत्तरेकडे सरकत होता. पेटत्या दिव्यावरून ताट हळूहळू सरकवीत नेले असता त्याच्या बुडाला काजळीचे ठिपके एका रांगेत उठतात. त्याचप्रमाणे दख्खनच्या दक्षिणेस लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांची रांग उठली. १९८७ मध्ये समुद्रतळ भेदून काढलेल्या नमुन्यांवरून या रांगेतील पाषाणाचे वय दक्षिणेकडे कमी कमी होत जाते असे दिसून आले. पुढे समुद्रतळाच्या रचनेत फेर पडून ते तप्तस्थान आफ्रिकेच्या बाजूच्या तळाखाली आले. तेथे सुमारे ९० लक्ष वर्षांपूर्वी मॉरिशस वर येऊ लागले, आणि त्यानंतर रियुनियन, जेथील ज्वालामुखी अद्याप धगधगत आहे. सारांश, आमचा सह्याद्री आणि मॉरिशसचे डोंगर ही एकाच आव्यातील भाजणी होय.

एवढ्यावर ही साक्ष संपत नाही. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या सुमारे ६० लक्ष वर्षांच्या खडकात झिर्कॉन नावाच्या खनिजाचे जे सूक्ष्म कण तपासले, त्यांतील काहींचे वय तीनशे कोटी वर्षांच्या घरात निघाले. नव्या भांड्यात जुन्या भांड्याची खापरी सापडावी, तसा हा प्रकार होता. भारत व मादागास्कर एकमेकांपासून विलग होताना मध्ये तुटून राहिलेला प्राचीन भूखंडाचा एक तुकडा या बेटाखाली गाडला गेला असावा, असे अनुमान त्यांनी काढले आहे.

अशा समुद्रवेष्टित नव्या भूमीवर जे प्राणी पोहोचले ते उडून किंवा वाहून आलेले. वटवाघळांच्या जाती सोडल्यास सस्तन प्राणी तेथे नव्हताच. म्हणून चार पायांचा शत्रू नाही आणि जमिनीवरील अंड्यांस धोका नाही. एका कबुतराच्या कुळातील पक्ष्याने अशा ठिकाणी उडणे सोडून दिले यात मूर्खपणा कोणता? पंख बाळगण्यास अन्न खर्ची पडते, आणि जेथे पळून जावयाचे कारण नाही तेथे तो खर्च बेहिशेबी ठरतो. महाकाय कासवे, डोडो व फळे खाणारी वटवाघळे यांनी त्या अरण्याचा व्यवहार लाखो वर्षे सुरळीत चालविला.

१५९८ मध्ये डच जहाजे या बेटावर आली आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी त्यास दिले. महिनोन् महिने खारट मांस व किडलेली बिस्किटे खाऊन आलेल्या खलाशांस हे बेट म्हणजे आयते वाढलेले ताट वाटले. तथापि डोडोचे मांस त्यांस फारसे रुचले नाही. जितके अधिक शिजवावे तितके ते चिवट होई, म्हणून त्यांनी त्यास 'किळसवाणा पक्षी' अशा अर्थाचे नाव दिले. कासवाची गोष्ट वेगळी होती. अन्नपाण्यावाचून ते महिनोगणती जगे, त्यामुळे जहाजाच्या तळाशी रचून ठेवलेली कासवे म्हणजे न नासणाऱ्या मांसाचे कोठार होते. पुढे मॉरिशसवरील कासवे विरळ झाल्यावर शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरून ती हजारोंच्या संख्येने आणवून संपविण्यात आली.

लोकांची समजूत अशी की खलाशांनी डोडो खाऊन संपविला. काहींना त्यांनी मारले यात संशय नाही. ऑक्सफर्ड येथे जपून ठेवलेल्या डोडोच्या डोक्यात शिशाचे छर्रे असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. पण मोठे कारण निराळे आहे. पुढे येणाऱ्या जहाजांस मांस मिळावे म्हणून डचांनी डुकरे व शेळ्या बेटावर मोकळ्या सोडल्या, उंदीर जहाजांतून न बोलावता आले, माकडेही आली. जमिनीवर घातलेले डोडोचे अंडे या सर्वांस सापडले. डचांच्या जुन्या किल्ल्यातील सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील उकिरडा अलीकडे उकरून पाहिला, तेव्हा त्यात पाळीव जनावरांची व उंदरांची हाडे निघाली, डोडोचे एकही नाही. त्या सुमारास डोडो संपतच आला होता. तो पाहिल्याची विश्वसनीय मानली जाणारी शेवटची नोंद १६६२ ची आहे. तात्पर्य, मनुष्याने डोडोला जेवढे खाल्ले त्याहून अधिक त्याचा घात मनुष्याच्या मुदपाकखान्याची तरतूद करून ठेवल्याने झाला.

या पक्ष्याचे पाय हिंदुस्थानच्या भूमीसही लागले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने शिवछत्रपतींच्या जन्माच्या आगेमागे सुरतेच्या इंग्रज वखारीत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जहांगीर बादशहाचा विख्यात चित्रकार उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे एक चित्र रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. युरोपीय चित्रकारांनी हा पक्षी फुगवून गोळ्यासारखा दाखविला. आमच्या चित्रकाराचा डोडो त्या मानाने सडसडीत आहे, आणि तज्ज्ञ त्यास अधिक प्रमाण मानतात.

१७१० मध्ये डच बेट सोडून गेले व १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले. त्यांचा कारभारी पियेर प्वाव्र याने जायफळ व लवंग यांची रोपे मोलुक्का बेटांतून मोठ्या युक्तीने मिळवून येथील बागेत लावली, आणि रान तुटल्याने पाऊस हटतो या विचाराने १७६९ मध्ये अरण्यरक्षणाचे नियम घालून दिले. टोळधाडीवर उपाय म्हणून १७६२ मध्ये हिंदुस्थानातून साळुंक्या आणण्यात आल्या. एका जिवाकरवी दुसऱ्याचा बंदोबस्त करण्याच्या शास्त्रात हे आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाते. आज ती साळुंकी तेथील मूळ पक्ष्यांच्या घरट्यांवर हक्क सांगत असते, ही त्याची दुसरी बाजू होय.

१८१० मध्ये बेट इंग्रजांकडे आले आणि उसाने अरण्य गिळण्यास आरंभ केला. गुलामगिरी बंद होताच मळ्यांना मजूर हवे झाले, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध माणसे नेण्यास सुरुवात झाली. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लक्ष माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडील आपले बांधवही होते. गणेशोत्सव आणि जाखडीच्या वळणाची 'झाकरी' त्यांच्या वंशजांनी तेथे आजही राखली आहे. त्यांच्याही आधी मुंबई व बंगाल इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यास पाठविले होते. डार्विनने त्यांस पाहिले आणि त्यांच्या भारदस्त मुद्रेची वाखाणणी केली.

आता अस्थींकडे वळू. बेटाच्या आग्नेय भागात 'मार ओ सोंज' नावाची एक दलदल आहे. 'सोंज' म्हणजे आपला अळू. तेव्हा या नावाचे सरळ मराठी अळूची दलदल असे होईल. १८६५ मध्ये तेथे माती काढणारे मजूर मातीतून निघालेली हाडे वेचून त्यांचे ढीग घालीत असल्याचे एका रेल्वे अभियंत्याच्या दृष्टीस पडले. जॉर्ज क्लार्क नावाचे शाळामास्तर डोडोच्या अस्थींच्या शोधात बरीच वर्षे होते. त्यांस ही वार्ता कळली. त्यांनी काही माणसे दलदलीच्या मध्यभागी उतरविली. तीन फूट पाण्याखालच्या चिखलात अनवाणी पायांनी चाचपीत त्या माणसांनी डोडोच्या पायाचे अखंड हाड वर काढले. हाडे लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली व १८६६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ओवेन, क्लार्क, अभियंता यांची नावे ग्रंथांतरी आहेत. ज्यांच्या पायांस डोडो प्रथम लागला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

या अस्थींनी जुना निकाल फिरविला. डोडो कबुतराच्या कुळातील असे अनुमान १८४२ मध्येच निघाले होते. २००२ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने ते सिद्ध झाले, आणि हयात पक्ष्यांत त्याचा जवळचा आप्त निकोबारचे कबुतर ठरले. २०१६ च्या अभ्यासात त्याचा मेंदू देहाच्या मानाने इतर कबुतरांएवढाच आढळला. २००५ पासून दलदलीचे नव्याने उत्खनन झाले, तेव्हा तेथील अस्थी सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या एका भीषण अवर्षणातील निघाल्या. आटत्या पाण्याकाठी डोडो व कासवे असंख्य मेली होती. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच. तसल्या दुष्काळातून जी जात तरली व पुढे चार हजार वर्षे नांदली, तिला दुबळी कोणी म्हणावे?

मात्र शास्त्रज्ञही गोड कथेला भुलतात. १९७७ मध्ये एका अमेरिकन संशोधकाने प्रतिपादिले की, चिकू व मोह यांच्या कुळातील तांबालाकोक वृक्षाची कठीण बी डोडोच्या पोटातून गेल्यावाचून रुजत नसे, म्हणून बेटावर तीनशे वर्षांची तेराच झाडे उरली. टर्की पक्ष्यांस सतरा बिया भरवून त्यांतील तीन त्याने रुजविल्याही. कथा जगभर पसरली. परंतु पुढे तरुण झाडे सापडली, बिया पक्ष्यावाचूनही रुजतात असे दिसले, आणि ती सोडून द्यावी लागली. डोडोस मूर्ख म्हणणारी कथा दीड-दोनशे वर्षे टिकली; ही काही वर्षांतच तपासली गेली, हा फरक लहान नव्हे.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९७४ मध्ये मॉरिशसचा केस्ट्रल नावाचा लहान ससाणा चारवर आला होता. कार्ल जोन्स यांनी १९७९ पासून तेथे काम केले. पहिली अंडी काढून घेतली असता मादी पुन्हा अंडी घालते, या तिच्या स्वभावाचा उपयोग करून त्यांनी ती जात शेकड्यांवर नेली. गुलाबी कबुतर आणि आपल्या कंठवाल्या पोपटाचा तेथील भाऊबंद हेही असेच वाचले. एका उपबेटावर २००० पासून आल्डाब्रा बेटाची महाकाय कासवे सोडली आहेत. ती आपल्या तेंदूच्या कुळातील आबनूसाची फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. मेलेल्या कासवाचे काम परक्या कासवाने अंगावर घेतले आहे.

पण चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य आज शेकडा दोनही उरलेले नाही, आणि अन्नाचा तंटा मिटलेला नाही. २०१५ व २०१६ मध्ये आंबा व लिची यांच्या बागा वाचविण्यासाठी सरकारी हुकुमाने तेथील मूळची हजारो वटवाघळे मारण्यात आली, आणि २०१८ मध्ये ती जात अधिक संकटग्रस्तांच्या वर्गात गेली. आंबा व लिची ही दोन्ही झाडे बाहेरून आणलेली. वटवाघूळ हा बेटाचा मूळ रहिवासी. बागाईतदाराचे नुकसान खरे आहे, त्याच्या घरी मुलेबाळे आहेत, आणि वटवाघळास कोणी वकील नाही. डोडोच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आता तो विचारला जातो, आणि उत्तर देणाऱ्यांत कोकणातून गेलेल्यांचे पणतू-खापरपणतूही आहेत. डच खलाशांस अज्ञानाची सबब तरी होती. अळूच्या दलदलीतून त्या अस्थी वर आल्यापासून ती सबब कोणासच उरलेली नाही.